धूर न लागलेला पेटारा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. ज्या डोंगरातली ती आहे तिथे वर्षं मोजायची पद्धतच नव्हती. बर्फ पडला की हिवाळा आला म्हणायचं, वितळला की गेला म्हणायचं. तो गरुडांचा देश. माणसं तिथे गरुडांच्या घरट्यांखाली दगडी घरांत राहायची, आणि त्या घरांना खिडक्या म्हणजे भिंतीत ठेवलेली मुठीएवढी भोकं.

मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हांला आधी त्या घरांतला धूर समजला पाहिजे. धूर समजला नाही तर गोष्टही समजणार नाही.

घर एका खोलीचं असायचं आणि खोलीच्या मधोमध आगटी असायची. धुराडं नव्हतंच. धूर आपल्या मर्जीने घरभर हिंडायचा, कंटाळला की छपराच्या फटींतून बाहेर पडायचा. त्यामुळे त्या डोंगरात सगळ्यांना धुराचा वास यायचा. भाकरीला यायचा, दह्याला यायचा, म्हाताऱ्यांच्या मिशांना यायचा आणि तान्ह्या बाळाच्या टाळूलाही यायचा. लोकरीला तर विचारूच नका. लोकर धूर पिते. एकदा प्यायली की धुवा, उन्हात टाका, नदीच्या धोंड्यावर आपटा, ती तो सोडत नाही.

सगळ्या घरात धुरापासून लांब असलेली एकच वस्तू असायची. लग्नाच्या मुलीचा पेटारा.

मुलगी जन्मली की तिची आई पेटाऱ्याला लागायची. त्यात पायमोजे, रंगीत पट्ट्यांचे एप्रन, उशांचे अभ्रे, जाड घोंगड्या, जमिनीवर अंथरायचा गालिचा, आणि सगळ्यांत वर जुब्लेता. जुब्लेता म्हणजे तिथला घागरा. लोकर पाण्यात चोपून चोपून घट्ट करायची, तिच्या काळ्या पट्ट्या कापायच्या, पट्टी आणि पट्टीमध्ये गोफ शिवायचा, आणि असं खालपर्यंत जोडत जायचं. खाली तो घंटेसारखा पसरतो. इतका जड आणि ताठ, की आत बाई नसली तरी उभा राहतो.

लग्नाच्या दिवशी हा पेटारा अंगणात उघडायचा. आपल्याकडे रुखवत मांडतात, तसाच प्रकार. फरक एवढाच, की आपण रुखवत डोळ्यांनी बघतो आणि तिथे पेटारा नाकाने बघायचे. नवऱ्यामुलाकडच्या थोरल्या बायका ओळीने बसायच्या, एकेक वस्त्र उचलायच्या, नाकाशी धरायच्या आणि शेजारणीकडे द्यायच्या. धुराचा वास आला नाही तर मुलीचं घर भरलेलं. आला तर समजायचं, यांना अडचण पडली, यांनी पोरीच्या पेटाऱ्यात हात घातला, पोरीचं पांघरलं. अब्रू गेली की नाक कापलं असं आपण म्हणतो. त्या डोंगरात अब्रू जायची ती दुसऱ्याच्या नाकाने जायची.

तर अशा एका गावात एक विणकरीण होती. तिचा नवरा मेंढ्यांमागे कड्यावर गेला होता तो परत आला नव्हता. पदरात एक मुलगी होती. मुलगी उंच, जरा दात पुढे, आणि हसायला कारण लागत नसे अशी. आई मात्र कमी बोलायची.

तिच्या कमी बोलण्याला कारण होतं. ती स्वतः नवरी झाली होती त्याच्या आदल्या हिवाळ्यात तिचा बाप आजारी पडला होता. इतका गारठला होता की त्याचे ओठ निळे पडले. तेव्हा तिच्या आईने मागचापुढचा विचार न करता पेटारा उघडला, जाडातली जाड घोंगडी काढली आणि आगटीशेजारी नवऱ्यावर घातली. बाप वाचला. पुढे लग्नात ती घोंगडी ओळीने नाकांखालून फिरली आणि एका म्हातारीने ती दोन बोटांत धरून बाजूला टाकली. बायका हसल्या. त्या दिवसापासून सासरी तिचं नाव पडलं धुरकटी. धुरकटी पाणी आण, धुरकटी आगटी पेटव. नवरा चांगला होता, पण तोही कधी कधी विसरून त्याच नावाने हाक मारायचा.

त्या घोंगडीने बाप वाचवला होता, हे ती विसरली नव्हती. पण माणसाचं मन विचित्र असतं. बापाला पुढे मिळालेली सगळी वर्षं एका बाजूला, आणि अंगणातलं ते घटकाभराचं हसणं दुसऱ्या बाजूला. तिला आठवायचं ते हसणं.

म्हणून मुलगी झाली तेव्हा तिने ठरवलं, माझ्या लेकीच्या पेटाऱ्याला धुराचा वारासुद्धा लागू देणार नाही.

घराच्या मागच्या भिंतीला लागून एक कोठार होतं. त्याचं दार बाहेरून, आत आगटी नाही, नुसता थंडगार दगड. तिथे तिने पेटारा ठेवला आणि तिथेच माग लावला. विणायच्या आधी हात कोपरापर्यंत धुवायची, केस फडक्यात करकचून बांधायची. थंडीत बोटं आखडली की काखेत धरायची, आणि जरा ऊब आली की पुन्हा धोटा हाती घ्यायची. मेंढ्यांची दर वर्षीची चांगली लोकर पेटाऱ्यात जायची. घरासाठी कित्येक हिवाळ्यांत नवं काही विणलं गेलं नव्हतं. दोन जुन्या घोंगड्या होत्या आणि गेलेल्या नवऱ्याचा बकरीच्या केसांचा एक झगा होता, तोही खांद्यावर विरलेला.

मुलगी मोठी झाली तशी कोठाराच्या दारात येऊन उभी राहायची.

“आई, ते सगळं माझंच आहे ना?”

“तुझं नाही तर कोणाचं?”

“मग मला हात का लावू देत नाहीस?”

“तुझं आहे म्हणूनच.”

मुलगी हसायची आणि निघून जायची. आईचं हे बोलणं तिला तेव्हा गमतीचं वाटायचं. खरं सांगायचं तर मला ते कधीच गमतीचं वाटलं नाही.

मुलीची सोयरीक खिंडीपलीकडच्या गावात ठरली. मुलगा कामसू होता, घर खाऊनपिऊन सुखी होतं. हिवाळा संपून खिंड मोकळी झाली की वऱ्हाड येणार होतं. होणारी सासू तिच्या नाकाबद्दल त्या मुलखात प्रसिद्ध होती. दुधाच्या वासावरून शेळी कोणत्या झाडाखाली चरली ते सांगते म्हणे. लोक काहीही म्हणतात, पण विणकरणीने ते ऐकलं आणि पेटाऱ्याच्या फटी मेणाने बुजवल्या. वर सब्जाचा वाळलेला पाला पसरला. मग तिला जरा बरं वाटलं.

त्या वर्षीचा हिवाळा मात्र वाईट निघाला. बर्फ लवकर आला आणि थांबायचं नाव घेईना. सरपण ओलं झालं. आगटी पेटायची ती ऊब कमी आणि धूर जास्त देत.

अशात एका संध्याकाळी दारावर थाप पडली. दारात एक म्हातारा उभा होता. डोक्यावर पांढरी लोकरी टोपी, भुवयांवर बर्फ. पलीकडच्या खोऱ्यात बहिणीकडे निघाला होता आणि वाट बुजल्यामुळे अडकला होता.

“घरात कोणी आहे का? आसरा मिळेल का, माई?”

“या, पाहुणे. घर तुमचंच आहे,” विणकरीण म्हणाली.

त्या डोंगरात पाहुणा म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला हवं. आगटीजवळची जागा पाहुण्याची. पहिली भाकरी पाहुण्याची. घरात असेल नसेल ते पांघरूण पाहुण्याचं. पाहुणा तुमच्या घरात कुडकुडला असं कळलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहात नसे. आणि घरात पुरुष नसला तर बायकांनी परक्या पुरुषाच्या खोलीत निजायचं नाही, हाही तिथला नियम.

विणकरणीने दोन्ही घोंगड्या म्हाताऱ्याला दिल्या. म्हाताऱ्याने त्या हातात धरून विचारलं, “आणि तुम्हांला?”

“आमचा पेटारा भरलेला आहे, पाहुणे. तुम्ही स्वस्थ निजा.”

ती खोटं बोलली नाही. पेटारा काठोकाठ भरलेला होता. म्हातारा भला माणूस, त्याने शब्दावर विश्वास ठेवला आणि स्वस्थ झोपला.

मायलेकी कोठारात गेल्या. पेटाऱ्याला पाठ लावून बसल्या आणि तो विरलेला झगा आईने मुलीच्या अंगावर घातला. स्वतःला तिने रिकामी पोती गुंडाळून घेतली. ती वाईट आई नव्हती, हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. तिने लेकीला छातीशी धरलं, तिचे पाय आपल्या पोटऱ्यांत घेतले. पण दगडी भिंतीतून येणारी थंडी आईच्या मायेला भीक घालत नाही.

“आई, एक घोंगडी काढू या ना,” मुलगी म्हणाली. “इथे आगटी नाही. धूर कुठून लागणार?”

“आगटी तुझ्या केसांत आहे,” आई म्हणाली. “माझ्याही आहे. दिवसभर आपण त्याच धुरात असतो. लोकर एका झोपेत सगळा पिऊन टाकते.”

“कोणाला कळणार आहे?”

“तुझ्या सासूला कळेल. मग ती तुला काय नाव ठेवेल ते मला माहीत आहे. पोरी, जन्मभर तुला त्या नावाने हाक मारतील, तुझी मुलंसुद्धा ऐकतील.”

आईला गावात अजूनही कोण कोण कोणत्या नावाने ओळखतं, ते मुलीला ठाऊक होतं. तिने पेटाऱ्याच्या लाकडावर गाल टेकला आणि डोळे मिटले.

बर्फ थांबला नाही, त्यामुळे पाहुणा राहिला. सकाळी मुलगी आगटी पेटवायला यायची, भाकरी वाढायची. आधी तिचे हात कापायला लागले. मग खोकला सुरू झाला. म्हातारा बघत होता. मुलगी हसून म्हणायची, धुराने होतं. पण कोठारातला खोकला त्याला भिंतीतून ऐकू येत होता, आणि तिथे धूर नव्हता.

मग त्याने दोन्ही घोंगड्या उचलून विणकरणीपुढे धरल्या.

“माई, या पोरीला द्या. मी म्हातारा हाडं शेकत आगटीपाशी बसतो. मला काही होत नाही.”

“पाहुण्याला दिलेलं पांघरूण परत घेतात का कुठे?” विणकरीण म्हणाली. “माझ्या घराला तेवढा डाग लावू नका.”

“पेटारा भरलेला आहे म्हणालात.”

“भरलेलाच आहे.”

तेव्हा म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं. त्या डोंगरात जन्मलेला माणूस तो, त्याला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

“लग्न कधी आहे पोरीचं?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“खिंड मोकळी झाली की.”

“माई, मी तीन मुली दिल्या. तिघींच्या पेटाऱ्यांना वास होता. तिघींना टोमणे खावे लागले, रडल्याही. पण रडायला त्या होत्या.” तो टोपी घालून उठला. “मी आत्ता निघतो. म्हणजे घोंगड्या मोकळ्या होतील.”

विणकरीण दारात आडवी उभी राहिली. “या बर्फात माझ्या घरातून पाहुणा बाहेर पडला आणि वाटेत मेला, तर लोक काय म्हणतील? बसा, पाहुणे. मी पाया पडते.”

म्हातारा बसला. पाहुण्याने यजमानाचा शब्द मोडू नये हाही नियमच होता. नियम सगळे चांगले होते हो. एकेक वेगळा घेतला तर कोणी नाव ठेवणार नाही. पण चारी बाजूंनी चांगले नियम उभे राहिले आणि मधे एक पोर गारठत होती, हे त्यांतल्या कोणाच्या लक्षात आलं नाही. म्हाताऱ्याच्या आलं होतं, तरी तो बसला. त्याचंही चुकलंच.

शेवटी बर्फ उघडला. म्हातारा निघाला. उंबऱ्यात विणकरणीने रिवाजाप्रमाणे विचारलं, “माझ्या घरात तुम्हांला थंडी तर वाजली नाही ना, पाहुणे?”

“नाही वाजली,” म्हातारा म्हणाला, आणि मान वर न करता उतरणीला लागला.

आता दोन्ही घोंगड्या मुलीच्या अंगावर आल्या. तिला आगटीजवळ निजवलं. पण थंडी छातीत जाऊन बसली होती आणि तिला तिथून काढायला दोन जुन्या घोंगड्या पुरेशा नव्हत्या. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि तरी ती कुडकुडत होती.

“आई, अजून एक घाल,” ती म्हणाली. “एकच. जाड असेल ती.”

विणकरीण उठली. कोठारात गेली. मेण खरवडून तिने पेटारा उघडला. जुब्लेता बाजूला ठेवला, तो दगडी जमिनीवर एकटाच उभा राहिला. खालची घोंगडी तिने काढली. पांढरीशुभ्र, कडेला लाल पट्टा, बोट रुतेल इतकी जाड. ती विणताना लागलेला सगळा हिवाळा तिला आठवला. घोंगडी दोन्ही हातांवर घेऊन ती घराच्या दाराशी आली.

दार अर्धं उघडं होतं. ओल्या सरपणाचा दाट धूर त्यातून बाहेर येत होता. तो तिच्या तोंडावर आला.

ती थांबली. तेवढ्या धुरात तिला ते जुनं अंगण दिसलं, ओळीने बसलेल्या बायका दिसल्या, दोन बोटांत धरलेली घोंगडी दिसली. तिच्या मनात आलं, ताप काय, आज आहे उद्या उतरेल. पोरीचं वय तरुण आहे. नाव पडलं तर मात्र उतरत नाही. थोडे दिवस तर राहिले आहेत.

ती वळली. कोठारात जाऊन तिने घोंगडीची जुन्या घडीवर घडी घातली, वर जुब्लेता ठेवला, सब्जाचा पाला सारखा केला आणि झाकण लावलं. मग परत आली आणि स्वतःच्या अंगावरचा तो विरलेला झगा काढून मुलीवर घातला.

“एवढ्यात खिंड मोकळी होईल, बाळ,” ती म्हणाली. “मग सगळंच तुझं.”

मुलीने आईच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. परत घोंगडी मागितली नाही. उजाडलं तेव्हा ती गेलेली होती.

त्या डोंगरात लग्न न झालेली मुलगी गेली तर तिला नवरीसारखं सजवून पुरतात. म्हणून त्या दिवशी पेटारा सगळा उघडला. गावातल्या बायकांनी मुलीला पायमोजे चढवले, एप्रन बांधला, जुब्लेता घातला. विणकरणीने माप बरोबर घेतलं होतं. एकही टाका उसवावा लागला नाही. बायका म्हणाल्या, काय शोभून दिसते पोर, आणि पदरात तोंड लपवून रडल्या. विणकरीण रडली नाही. ती मुलीच्या पायांना हात लावून बसली होती. लोकरीच्या नव्या मोज्यांत ते पाय थंडच होते, आणि ती ते चोळत होती.

पुरून आल्यावर गावाने आपला रिवाज पाळला. आजाऱ्याच्या अंगावरचं म्हणून त्या दोन्ही घोंगड्या आणि विरलेला झगा गावाबाहेर नेऊन जाळला. विणकरणीला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. घरात वस्त्रांना तोटा नव्हता.

खिंड मोकळी झाली. ज्या वाटेने वऱ्हाड यायचं त्याच वाटेने नवऱ्यामुलाकडची मंडळी काळे कपडे घालून भेटायला आली. गेलेल्या नवरीचा पेटारा अंगणात उघडून तिची उरलेली वस्त्रं आल्यागेल्यांत वाटायची असतात. विणकरणीने तो बाहेर आणवला. बायका ओळीने बसल्या.

जी सासू व्हायची होती, ती बाई काही वाईट नव्हती. रडून तिचे डोळे सुजले होते. तिने लाल पट्ट्याची घोंगडी उचलली आणि जन्माची सवय म्हणून हात आपसूक नाकाकडे गेला. मग तिने दुसरी उचलली. मग अभ्रे, मग गालिचा. विणकरणीचं सांत्वन करावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि तिला एवढंच सुचलं.

“बाई, धुराचा वास नाही,” ती सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली. “एकाही वस्त्राला नाही. इतका निर्मळ पेटारा मी आजवर हुंगला नव्हता.”

हे वाक्य ऐकण्यासाठी विणकरीण सगळा जन्म जगली होती. ते तिला मिळालं. तिने मान वर केली.

“काहीच वास नाही?”

“नाही हो.”

“तिच्या केसांचाही नाही?”

सासू गोंधळली. तिने पुन्हा एकदा घोंगडी नाकाशी धरली आणि हळूच म्हणाली, “कसलाच नाही.”

तेव्हा विणकरीण उठली. तिने ती घोंगडी ओढून घेतली आणि तोंड आत खुपसलं. मग दुसरीत खुपसलं, मग गालिच्यात, अभ्र्यांत, उरलेल्या एकेका मोज्यात. लोकरीचा वास होता, सब्जाचा होता. लेकीचा कुठेच नव्हता. ज्यांना तिच्या अंगाचा वास होता ती पांघरुणं जळून गेली होती, आणि जी उरली होती ती तिने आपल्याच हातांनी लेकीपासून राखून ठेवली होती. एवढ्या मोठ्या पेटाऱ्यात मुलगी कधी नव्हतीच. हे कळलं तेव्हा ती अंगणात खाली बसली आणि पहिल्यांदा रडली. तिचं रडणं ऐकून ओळीतल्या बायका एकेक करून उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

वस्त्रं कोणी नेली नाहीत. भरल्या पेटाऱ्याशेजारी गारठून आलेल्या मरणाचं कोण घरात आणणार? विणकरणीने ती दारोदार फिरून देऊ केली, लोकांनी हात जोडले. तिने स्वतःही त्यांतलं काही पांघरलं नाही. पेटारा कोठारात परत गेला आणि पुढे त्याला कसर लागली. आयुष्यभर जिने धुराशी वैर धरलं, तिला कसरीचं सुचलंच नव्हतं. पांढऱ्या घोंगड्यांची चाळण झाली. माग तसाच अर्ध्या ताण्यावर राहिला.

विणकरणीने त्यानंतर विणलं नाही. हिवाळा आला, पहिला बर्फ पडला, की ती काठी टेकत गावात निघायची. ज्या घरात मुलगी असेल त्या दारावर थाप मारायची आणि एकच विचारायची, “पोरीच्या अंगावर काय आहे?” उत्तर ऐकेपर्यंत ती हलायची नाही. काहीतरी सांगितलं की मान हलवून पुढच्या दाराला जायची. लोक म्हणायचे, वेडी झाली बिचारी. मुलं तिच्या मागे लागायची, मोठी माणसं मुलांना रागावायची.

पण ती पुढे गेल्यावर घरातल्या आया दार लावून घ्यायच्या, आणि कोणाला न सांगता पेटाऱ्याचं झाकण उघडायच्या. असं एका घरात झालं, मग दुसऱ्या घरात झालं, आणि हळूहळू सगळ्याच पेटाऱ्यांना धुराचा वास येऊ लागला. विणकरीण मेली तोवर त्या गावात पेटारा हुंगणारी एकही सासू उरली नव्हती. तिच्या लेकीला त्याचा काही उपयोग झाला नाही, हेही मी सांगायला पाहिजे.

तात्पर्य: ज्या माणसासाठी जपून ठेवायचं त्या माणसाला आधी जपावं, कारण ते गेलं की जपलेल्या वस्त्राचं कफनच होतं.